हायब्रीड इंजिन : नाव नको, पोत पाहा

कापडाच्या दुकानात रोज घडणारी एक गोष्ट आहे. गिऱ्हाईक येते आणि विचारते, "टेरिकॉट आहे का?" दुकानदार म्हणतो, "आहे." दोघेही खरेच बोलतात. पण टेरिकॉट म्हणजे सूत आणि पॉलिएस्टर यांचे मिश्रण, आणि मिश्रणात कोण किती हे विचारल्याशिवाय ते कापड मे महिन्यात घाम शोषणार की अंगाला चिकटणार हे कळत नाही. म्हणून मुरलेले गिऱ्हाईक नाव विचारत नाही, प्रमाण विचारते. कापड बोटांत धरून पोत पाहते, पन्हा मोजते आणि मगच भावाला हात घालते.

मोटारीच्या बाजारात 'हायब्रीड' या शब्दाचे आज नेमके टेरिकॉटसारखे झाले आहे. आमचे एक स्नेही ठोक मालाचे व्यापारी आहेत. परभणी, नांदेड, हिंगोली अशी त्यांची सतत फिरती असते. त्यांनी गाडी घेतली. विकणाऱ्याने सांगितले, "हायब्रीड आहे, अर्धे काम बॅटरी करते." सहा महिन्यांनी ते आमच्या दुकानात आले ते रागातच. लिटरला पंधरा किलोमीटरही पडत नव्हते. आम्ही म्हणालो, कागद दाखवा. कागद वाचला तर तिथे सरळ छापलेले होते की ही 'माईल्ड हायब्रीड' आहे. विकणाऱ्याने खोटे सांगितले असे म्हणता येईना आणि खरे सांगितले असेही म्हणता येईना. चूक दोघांची होती. त्याने प्रमाण सांगितले नाही आणि आमच्या स्नेह्यांनी विचारले नाही.

आम्ही कापडवाले आहोत, मोटारीचे इंजिनिअर नव्हे. पण सौदा कसा करावा हे आम्हाला कळते. गेले वर्षभर आम्ही या इंजिनाची माहिती जमवली, दोन-चार गाड्यांतून फिरलो, मिस्त्री लोकांशी बोललो. आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या उपयोगी पडेल ते येथे मांडतो.

एकाच नावाचे दोन माल

माईल्ड हायब्रीडमध्ये साधेच इंजिन असते. त्याच्या पट्ट्याला एक छोटी मोटर जोडलेली असते. तीच इंजिन चालू करते, ब्रेक लावताना थोडी वीज साठवते आणि वेग घेताना इंजिनाला हलकासा हात देते. ही मोटर एकटीने गाडी पळवू शकत नाही. आपल्याकडे २०१५ साली मारुतीच्या सियाझ गाडीतून हा प्रकार घरोघरी माहीत झाला. तो वाईट आहे असे नाही. पाठीवर थाप मारणाऱ्या मित्राइतकी त्याची मदत असते, एवढेच. सरकारनेही २०१७ मध्ये माईल्ड हायब्रीडला आपल्या 'फेम' अनुदान योजनेतून बाहेर काढले, यावरून दोन मालांतला फरक समजावा.

दुसरा प्रकार 'स्ट्राँग हायब्रीड'. यात विजेची मोटर इतकी मोठी असते की गल्लीत, बाजारात, फाटकापाशी गाडी इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवर चालते. वेग वाढला, चढ आला किंवा बॅटरी उतरली की इंजिन आपोआप चालू होते. ही गाडी घरच्या बोर्डाला लावून चार्ज करायची नसते. तिची सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद ती परत मिळवते आणि इंजिनाला त्याच्या सोयीच्या वेगावर ठेवते, हीच तिची कमाई.

एकाच मॉडेलच्या गाडीत हे दोन्ही प्रकार मिळतात, हे विशेष. २०२२ साली बाजारात आलेल्या टोयोटाच्या अर्बन क्रूझर हायरायडर आणि मारुतीच्या ग्रँड विटारा या जुळ्या गाड्यांत तसेच आहे. बाहेरून पाहिले तर दोन्ही सारख्या, पण आतले कापड वेगळे.

रेल्वेच्या गावाला हे नवे नाही

आमचे पूर्णा हे जंक्शनचे गाव. एका बाजूला परभणी, दुसऱ्या बाजूला नांदेड, आणि येथूनच हिंगोली, वाशीम, अकोल्याकडे फाटा जातो. तो फाटा २००८ साली ब्रॉडगेज झाला. त्याआधी मीटरगेजची डिझेल इंजिने येथून धडधडत जात. गावातल्या पुष्कळ घरांनी रेल्वेची भाकर खाल्ली आहे. त्या जुन्या लोकांना विचारा, डिझेल इंजिनाची चाके कोण फिरवते? ते हसून सांगतील, "डिझेल नाही, वीज फिरवते." कारण आपल्या रेल्वेच्या डिझेल इंजिनात डिझेलवर चालणारे यंत्र चाकांना जोडलेलेच नसते. ते वीज तयार करते आणि ती वीज चाकांजवळच्या मोटरींना जाते. हजार टनांची मालगाडी जागेवरून हलवायची ताकद मोटरीत पहिल्या क्षणापासून असते, ती डिझेल यंत्रात नसते, म्हणून ही योजना.

हायब्रीड मोटारीत तोच विचार लहान अंगाने आला आहे. २०२२ च्या मे महिन्यात आलेल्या होंडाच्या सिटी ई-एचईव्ही गाडीत बहुतेक वेळ इंजिन वीज तयार करते आणि मोटर चाके फिरवते. महामार्गाच्या स्थिर वेगावर मात्र इंजिन चाकांना थेट जोडले जाते. टोयोटाच्या पद्धतीत दातेरी चक्रांची एक जोडणी असते. ती इंजिनाची ताकद दोन वाटांनी वाटते, थोडी थेट चाकांना आणि थोडी वीज करण्यासाठी. तेव्हा हे काही परग्रहावरचे तंत्र नव्हे. आपल्या प्लॅटफॉर्मवर उभे राहून आपल्या वडिलांनी ते पाहिलेले आहे.

इंजिनाचा पोत

आता आकडे पाहू. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रीडमध्ये १४९० सीसीचे, तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे. त्याची ताकद ९२ पीएस आणि पिळाचा जोर १२२ न्यूटन मीटर. सोबतची मोटर ८० पीएस आणि १४१ न्यूटन मीटरची. २०२५ साली आलेल्या मारुतीच्या व्हिक्टोरिसमध्येही हीच जोडी बसवली आहे.

येथे पहिला सापळा आहे. विकणारा म्हणतो, ९२ आणि ८०, म्हणजे १७२ ची गाडी. तसे नाही. कंपनीच्या कागदावर दोघांची मिळून ताकद सुमारे ११५ पीएस लिहिलेली आहे. दोन हमाल पन्नास-पन्नास किलोची गाठ उचलत असले तरी अरुंद जिन्यातून एका वेळी किती माल चढतो ते जिना ठरवतो. येथे जिना म्हणजे बॅटरी. ती एका वेळी जितकी वीज देईल तितकेच मोटर करील. म्हणून नेहमी मिळून किती हा आकडा विचारावा.

दुसरा सापळा बॅटरीचा. 'बॅटरीवर चालते' ऐकून लोकांना वाटते, नांदेडपर्यंत बॅटरीवरच जाऊ. या गाडीची लिथियम बॅटरी ०.७६ किलोवॅट तासाची आहे. वीज बिलाच्या भाषेत सांगायचे तर एका युनिटपेक्षाही कमी! म्हणजे ही गोदाम नव्हे, गल्ला आहे. दिवसभर पैसे येतात, जातात. साठून राहत नाहीत. ती भरते आणि रिकामी होते, पुन्हा भरते, आणि याच उलाढालीत बचत आहे.

तिसरा प्रश्न तीन सिलिंडरचा. पुष्कळ लोक नाक मुरडतात. त्यांना आम्ही आठवण देतो की १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली, तिचे इंजिनही तीनच सिलिंडरचे होते, तेही ७९६ सीसीचे. अँबेसेडर आणि फियाटवाल्यांनी तेव्हा तिला डबा म्हटले. त्या डब्याने पुढे तीस वर्षे देश चालवला. तीन सिलिंडरचे इंजिन थोडे अधिक थरथरते हे खरे, पण थरथर आणि टिकाऊपणा या वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथी गोष्ट या इंजिनाच्या श्वासाची. हे इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीवर चालते. जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज कारागिराने १८८२ साली या विचाराचे यंत्र बनवले होते. आजच्या इंजिनात ते असे करतात: आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह थोडा उशिरा बंद होतो, त्यामुळे घेतलेल्या हवेतील काही परत जाते. जाळायला मिश्रण कमी, पण जळाल्यावर फैलावायला जागा पूर्ण. पेट्रोलच्या प्रत्येक थेंबातून जास्त काम निघते. तोटा असा की खालच्या वेगावर इंजिन मलूल राहते. एकटे असते तर चढावर रडले असते; नेमक्या त्या जागी मोटर हात देते. म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो, ताण्याबाण्याप्रमाणे. नुसत्या ताण्याचे कापड होत नाही आणि नुसत्या बाण्याचेही नाही.

ताणून मोजलेला वार

या गाडीची कंपनीने सांगितलेली सरासरी लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. त्याच गाडीच्या माईल्ड प्रकाराची सुमारे २१. होंडाच्या सिटी हायब्रीडची येताना २६.५ सांगितली गेली. हे आकडे बनावट नाहीत. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ पासूनची संस्था. तिच्यासारख्या प्रयोगशाळांत ठरलेल्या नियमाने ही मोजणी होते. पण नियम काय आहे ते समजून घ्यावे. गाडी रोलरवर चालते. वेग ठरलेल्या तालाने वाढतो-उतरतो आणि तासाला ९० किलोमीटरच्या वर जात नाही. एसी बंद असतो. ना खड्डा, ना वारा, ना बैलगाडी आडवी.

कापड काउंटरवर ताणून मोजले तर पाच वार भरते आणि घरी नेऊन सैल सोडले की पावणेपाच. म्हणून आम्ही कंपनीच्या आकड्यातून चौथा हिस्सा वजा करूनच हिशोब धरतो. आम्ही ज्या स्ट्राँग हायब्रीडमध्ये फिरलो ती आमच्या रस्त्यांवर एसीसह वीस-बावीसच्या घरात राहिली. मोठ्या शहराच्या गर्दीत ती जास्त देते आणि मोकळ्या महामार्गावर शंभरच्या वेगाने नेली की कमी देते. साध्या गाडीचे याच्या अगदी उलट असते. कारण गर्दीत ब्रेक जास्त, म्हणून परत मिळणारी वीज जास्त. महामार्गावर ब्रेकच नाही, तर परत काय मिळणार? सध्याच्या ई-२० पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. त्यात पेट्रोलपेक्षा उष्णता कमी असते, त्यामुळे कोणत्याही गाडीची सरासरी थोडी घटते. हायब्रीडला त्यातून सूट नाही.

टिकते का?

हा खरा प्रश्न आहे, आणि याचे उत्तर जाहिरातीत नव्हे, जुन्या गाड्यांत शोधावे. टोयोटाची प्रायस ही पहिली मोठ्या प्रमाणावर विकलेली हायब्रीड मोटार. ती डिसेंबर १९९७ मध्ये जपानात बाजारात आली. तिचे इंजिनही दीड लिटरचे आणि अ‍ॅटकिन्सन पद्धतीचेच होते. अमेरिकेत 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' नावाचे ग्राहकांचे जुने मासिक आहे. ते कंपन्यांच्या जाहिराती घेत नाही. त्याने २०११ साली २००२ ची एक प्रायस तपासली. ती २ लाख ६ हजार मैल, म्हणजे ३ लाख ३० हजार किलोमीटर धावलेली होती आणि मूळ बॅटरीवरच चालत होती. दहा वर्षांपूर्वी अशाच नव्या गाडीची सरासरी गॅलनला ४०.६ मैल भरली होती. या म्हाताऱ्या गाडीची ४०.४ भरली. आमच्या हिशोबाने लिटरला सव्वासतरा किलोमीटर, तेव्हाही आणि नंतरही.

इंजिन इतके का टिकते याचे कारणही साधे आहे. ते सतत कष्टत नाही. गाडी जागेवरून हलवण्याचे सर्वांत जड काम मोटर करते. टोयोटाच्या पद्धतीत नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच प्लेट नाही. जे नाही ते बिघडतही नाही. अर्धे ब्रेक मोटरच लावते म्हणून ब्रेकचे लायनर दीर्घकाळ पुरतात.

पण नाण्याची दुसरी बाजू लपवणे हा व्यापाऱ्याचा धर्म नव्हे. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून सुमारे १९ लाख प्रायस गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दोष इंजिनात नव्हता, विजेचा प्रवाह बदलणाऱ्या इन्व्हर्टरच्या आज्ञावलीत होता. त्या पिढीच्या १.८ लिटर इंजिनात धूर परत फिरवणाऱ्या वाटेत काजळी साचून पुढे हेड गॅस्केट जाते, अशा तक्रारीही पुष्कळ मिस्त्रींनी नोंदवल्या. तेव्हा तात्पर्य असे: लोखंडाचा भाग भरवशाचा, पण विजेचा भाग आणि देखभाल यांवर डोळा ठेवावा.

आपल्या भागात काय बिघडेल

जपानच्या स्वच्छ रस्त्यावर जे टिकते ते मराठवाड्याच्या धुळीत टिकेलच असे धरून चालू नये. येथे चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, बॅटरी मागे असते आणि तिला थंड ठेवणारा पंखा मागच्या सीटजवळच्या जाळीतून हवा ओढतो. आपण काय करतो? मागची सीट पाडून कापडाच्या गाठी कोंबतो. जाळी झाकली की बॅटरी तापते आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. कापडाची सूक्ष्म तुसे आणि रस्त्याची धूळ जाळीत बसतात ती वेगळीच. जाळी मोकळी ठेवणे आणि सर्व्हिसच्या वेळी तिची गाळणी साफ करून घेणे, हे काम दहा मिनिटांचे आणि फायदा लाखाचा. शिवाय बॅटरीमुळे डिकीची जागा कमी होते. माल वाहण्यासाठी गाडी हवी असेल तर ही ती गाडी नव्हे.

दुसरी, मोठ्या बॅटरीखेरीज या गाडीत नेहमीची १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. लग्नसराईत गाडी महिनाभर दारात उभी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तिसरी, पुराच्या पाण्यात ही गाडी घालू नये. पावसाळ्यात नदीनाले फुगले की आपल्याकडे धाडस करणारे कमी नाहीत. साध्या इंजिनात पाणी गेले तर हजारांत भागू शकते, येथे विजेची सामग्री भिजली तर लाखांत जाते.

चौथी, वॉरंटीचा कागद. या गाड्यांच्या हायब्रीड बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतले जे आधी येईल तितकी हमी आहे. महिन्याला तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्याची हमी आठ वर्षांत नव्हे, साडेचार वर्षांतच संपते. आणि सर्व्हिस वेळच्या वेळी अधिकृत ठिकाणी केल्याची नोंद नसेल तर हमीवरून वाद होऊ शकतो. पावती जपून ठेवणे आपल्याला शिकवायला नको.

हिशोब

परभणी जिल्ह्याला पेट्रोल स्वस्त कधीच मिळाले नाही. डेपो दूर, टँकर मनमाडकडून येणार, वाहतुकीचा बोजा आपल्या माथी. २०२१ च्या मे महिन्यात साध्या पेट्रोलने परभणीत शंभरी ओलांडली तेव्हा राज्यभर आपले नाव झाले. म्हणून बचतीची ओढ आपल्याकडे अधिक असणे साहजिक आहे. पण ओढ वेगळी आणि हिशोब वेगळा.

एकाच गाडीच्या साध्या आणि स्ट्राँग हायब्रीड प्रकारांत अडीच लाखांचा फरक धरू. साधी गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि हायब्रीड २१ देते असे धरू. पेट्रोल हिशोबाला सोपे म्हणून शंभर रुपये.

महिन्याला १,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे १९ लिटर वाचतात. वर्षाला २३ हजारांच्या आत. अडीच लाख वसूल व्हायला जवळजवळ ११ वर्षे. तोवर गाडी जुनी, हमी संपलेली. त्याने हा सौदा करू नये.

महिन्याला ३,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे ५७ लिटर वाचतात. वर्षाला ६८ हजारांवर. साडेतीन-पावणेचार वर्षांत फरक वसूल आणि पुढे नफा. त्याने जरूर विचार करावा. पण फरकाचे अडीच लाख कर्जाऊ काढले असतील तर त्यावरचा बोजा बचतीतून वजा करावा. मग हा नफा पातळ होतो. नौ नगद, न तेरा उधार.

कराचेही पाहावे. बोलीत आपण हिला लहान हायब्रीड म्हणतो, कायद्यात ती लहान नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीच्या नव्या दरांत चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना, हायब्रीड असल्या तरी, १८ टक्के कर झाला. १४९० सीसीची आणि चार मीटरहून लांब गाडी ४० टक्क्यांत गेली. पूर्वी उपकर धरून ती ४३ टक्के होती. पूर्ण विजेवरच्या गाडीला मात्र ५ टक्के. शिवाय आपल्यासारख्या व्यापाऱ्याला अशा प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. 'फर्मच्या नावावर घ्या, कर परत मिळेल' असे कोणी सांगितले तर आपल्या हिशोबनीसाला विचारूनच मान हलवावी.

मिस्त्रीचे काय?

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी उचलली ती सांगतो. गाडीचा भरवसा नुसत्या इंजिनात नसतो. बिघडली तर हाकेच्या अंतरावर कोण आहे, त्यातही असतो. उत्तम इंजिन आणि दुरुस्तीला दीडशे किलोमीटर, म्हणजे आपल्यापुरते ते अर्धेच इंजिन.

मराठवाड्याच्या गावोगावी गॅरेज कोणाचे, हे वाचकांना सांगायला नको. आपल्या हजारो घरांची चूल पाना-पक्कडीवर पेटते. त्या उस्तादांनी कोणत्या कॉलेजात पाऊल ठेवले नाही, पण कानाने इंजिन ओळखले. मात्र २००० सालानंतर कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शनची इंजिने आली, तेव्हा काय झाले तेही आम्ही पाहिले आहे. ज्यांनी स्कॅनर घेतला, शिकले, त्यांची गॅरेजे वाढली. 'हे कंपनीचे काम आहे' म्हणून जे बसून राहिले, ते पंक्चर आणि ऑइल बदलण्यापुरते उरले. आम्ही धंद्यातही हेच पाहिले. हातमागावर उत्तम कसब असलेले किती विणकर यंत्रमाग शिकायला तयार झाले नाहीत आणि शेवटी गाठी उचलू लागले!

हायब्रीडचे काम नुसत्या कानाने होणार नाही. या बॅटरीचा दाब १७७ व्होल्टच्या वर आहे, तोही थेट प्रवाहाचा. नारिंगी रंगाच्या तारा दिसल्या की हात आवरावा. आधी विजेचे हातमोजे घालायचे, सुरक्षा प्लग काढायचा, मग आत साठलेली वीज उतरेपर्यंत दहा मिनिटे थांबायचे, मीटरने तपासायचे आणि मगच पाना लावायचा. हे न शिकता कोणी शागिर्दाला आत हात घालायला लावला तर तो धंदा नव्हे, जिवाशी खेळ आहे. पण शिकले तर भिण्यासारखे त्यात काही नाही. जो मुलगा घरातली वायरिंग करतो त्याला हे कळू शकते. आयटीआयच्या अभ्यासक्रमात आता विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकची वेगळी शाखा आहे. मोटर, बॅटरी, इन्व्हर्टर ही हायब्रीडची तिन्ही अंगे तेथे शिकवली जातात.

आणि हे काम दूरचे राहिलेले नाही. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला. सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा, विजेच्या आणि हायब्रीड गाड्यांचा कारखाना छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद) उभारण्याचा. करार म्हणजे कारखाना नव्हे, हे आम्ही जाणतो. बाजारात तुरी असे होऊ नये. पण ते शहर आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. पूर्णेहून सकाळी गाडीत बसलेला मुलगा त्याच दिवशी तेथे पोहोचतो. कारखाना उभा राहील तेव्हा दारात कोण उभे असणार, शिकलेला की पहारेकरी, हे आज ठरत आहे.

आमची शिफारस

विकत घेणाऱ्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे. दुकानात गेल्यावर पाच प्रश्न विचारा. माईल्ड की स्ट्राँग? दोघांची मिळून ताकद किती? बॅटरीची हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची आणि कोणत्या अटीवर? परभणी किंवा नांदेडच्या केंद्रात हायब्रीडचे काम शिकलेला माणूस आहे का? आणि बॅटरी किंवा इन्व्हर्टर हमीबाहेर बदलायचा झाला तर आजचा भाव काय? उत्तरे तोंडी नको, कागदावर घ्या. कागदावर लिहून द्यायला जो कचरतो त्याच्याकडून आपण कापडाचा ताकाही घेत नाही, मग गाडी कशाला घ्यावी? फिरती महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटरच्या वर असेल, बसणारी माणसे असतील आणि उत्तरे पटली तर घ्या. इंजिन दगा देणारे नाही. फिरती कमी असेल किंवा माल वाहायचा असेल तर साधी गाडी भली.

गॅरेजवाल्या बंधूंना सांगणे एकच. मुलाच्या हातात पाना द्याच, पण त्याच्या आधी मीटर द्या. एका गावात चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक स्कॅनर आणि हातमोज्यांची एक जोडी घेतली तरी सुरुवात होते. आणि आपण व्यापारी मंडळींनी आपापल्या गावातला एक होतकरू शागिर्द वर्षभर शिकायला पाठवण्याचा खर्च उचलला, तर तो दानधर्म समजू नये. उद्या आपलीच गाडी रस्त्यात थांबेल तेव्हा तोच येणार आहे.